इंद्रायणीत सोडलेली कर्जखते

माउली, तुकोबांचे चरित्र तुम्हाला नव्याने कोणी सांगायला नको. कीर्तनकाराने देहूचे नाव घेतले की पुढचे वाक्य आपल्या ओठावर आधीच येते. भंडारा डोंगर, इंद्रायणीचा डोह, तेरा दिवसांचे निर्वाण, तरलेल्या वह्या. गाथा बुडाली आणि तरली हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. पण त्याच्या कितीतरी आधी त्याच नदीत तुकोबांनी कागदांचे आणखी एक बाड स्वतःच्या हाताने सोडले होते. ते कधी वर आले नाही, आणि वर यावे अशी कोणाची इच्छाही नव्हती. ती होती लोकांनी लिहून दिलेली कर्जखते. आज त्या बुडालेल्या कागदांविषयी बोलू या.

तुकोबा म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे वीणा येते, चिपळ्या येतात, कपाळीचा टिळा येतो. वाण्याचे दुकान येत नाही. पण घर व्यापाऱ्याचे होते. देहूची महाजनकी या घराण्याकडे होती. महाजन म्हणजे पेठेचा वतनदार. बाजारावर देखरेख ठेवायची आणि त्याबद्दलचा आपला हक्क घ्यायचा. याशिवाय शेत होते, गुरे होती, दुकान होते आणि सावकारी होती. वडील बोल्होबा, आई कनकाई, थोरले सावजी, मधले तुकोबा, धाकटे कान्होबा. घरात पिढ्यान्‌पिढ्यांची पंढरीची वारी आणि विश्वंभरबाबांपासून चालत आलेले विठ्ठलाचे देऊळ. सावजींचे मन प्रपंचात रमेना, म्हणून वडिलांनी व्यवहाराचा भार मधल्या मुलाच्या खांद्यावर टाकला. परंपरा सांगते की तेव्हा तुकोबा तेरा वर्षांचे होते आणि त्यांनी सारा कारभार चोख सांभाळला. हे मुद्दाम सांगतो, कारण ज्याला व्यापार जमला नाही तोच परमार्थाकडे वळतो असा एक सोपा समज लोकांत असतो. या मुलाला तो जमत होता. त्यांच्या अभंगांत माप येते, भांडवल येते, मुद्दल येते, दिवाळे येते. हे शब्द पोथीतून आलेले नाहीत, ते दुकानाच्या ओट्यावरून आलेले आहेत.

सतराव्या वर्षाच्या सुमारास आईवडील गेले. भावजय गेली, सावजी तीर्थयात्रेला निघून गेले. आणि मग तो दुष्काळ आला.

१६२९ ते १६३२ या वर्षांतल्या दुष्काळाची वर्णने केवळ आपल्या संतचरित्रांत नाहीत. शाहजहानच्या दरबारातला इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी याने दख्खन आणि गुजरातची ती अवस्था लिहून ठेवली आहे. भाकरीसाठी माणसे स्वतःला विकायला तयार होती आणि घेणारा मिळत नव्हता, असा त्याचा आशय आहे. पीटर मंडी नावाचा इंग्रज व्यापारी १६३० च्या अखेरीस सुरतेहून बऱ्हाणपूरमार्गे आग्र्याला गेला. वाटेवर पडलेली प्रेते आणि ओस पडलेली गावे त्याने आपल्या रोजनिशीत टिपली. इकडे पुणे परगण्यावर आणखी एक घाव बसला होता. आदिलशाही सरदार मुरार जगदेव याने पुणे जाळले आणि तिथे गाढवाचा नांगर फिरवला, ती घटना याच सुमाराची. देहू पुण्यापासून दोन मजलांवरही नाही. म्हणजे आभाळ कोरडे, धान्य नाही, आणि राज्य कोणाचे याचाही ठिकाणा नाही, अशा मुलखात एकविशी-बाविशीचा एक तरुण दुकान चालवत होता.

त्याचे काय झाले हे त्यांनी स्वतःच आत्मचरित्रपर अभंगात सांगितले आहे. दुष्काळाने पैसा आटला, मान गेला, एक बायको अन्न अन्न करीत मेली, त्याची लाज वाटली, व्यवसाय तोट्यात जाताना दिसला. इतक्या कोरड्या शब्दांत ते सांगतात की वाचताना आपण थबकतो. रखमाबाई गेल्या, त्यांचा मुलगा संतू गेला. जे घर गावाला धान्य आणि पैसा पुरवत होते त्या घरात बाई उपाशी मेली. दिवाळे निघाले. इतर बहुतेक व्यापाऱ्यांनी अशा वेळी काय केले असते? पाऊस पडण्याची वाट पाहिली असती, आणि पाऊस पडला की वही उघडली असती.

आता खत म्हणजे काय ते नीट समजून घेऊ. शेतात टाकायचे ते हे खत नव्हे. कर्ज घेणारा सावकाराला जो लेख लिहून देतो ते खत. त्यात मुद्दल किती, व्याज किती, मुदत किती, तारण काय, साक्षीदार कोण हे असते. आपल्याकडच्या धर्मशास्त्रात दामदुपटीचा नियम होता. व्याज मुद्दलाच्या वर जाऊ नये, म्हणजे एकूण देणे दुपटीवर थांबावे. पण त्याच धर्मशास्त्रात दुसरीही गोष्ट होती. बापाचे कर्ज फेडणे हा मुलाचा धर्म. बाप मेला म्हणून खत मरत नाही. आणि वसुलीची हत्यारे धारदार होती. तगादा लावायचा, माणूस दारात बसवायचा, धरणे धरायचे, गुरे सोडून न्यायची.

हे ध्यानात ठेवून पुढचा प्रसंग पाहा. तो महिपतींनी सांगितला आहे. ताहराबादचे महिपती स्वतः कुलकर्णी होते, हिशेब आणि दप्तर हाच त्यांचा पिढीजात धंदा. पूजेत असताना जहागीरदाराचे बोलावणे आले, तेव्हा काम उरकून परतल्यावर त्यांनी संतचरित्रांखेरीज कशासाठीही लेखणी धरायची नाही असा नेम केला, अशी आख्यायिका आहे. त्यांचा भक्तलीलामृत हा ग्रंथ १७७४ चा, म्हणजे तुकोबांच्या प्रयाणानंतर सव्वाशे वर्षांनी लिहिलेला. तरी खत या वस्तूचे वजन दप्तरात वाढलेल्या माणसाला जेवढे कळते तेवढे कोणाला कळणार? त्यांनी हा प्रसंग घाईने उरकलेला नाही.

तुकोबा भामचंद्राच्या डोंगरावर एकांतात बसले होते. कान्होबा शोधत शोधत तिथे आले. दोघे भाऊ इंद्रायणीवर आले. तुकोबांनी घरातली सगळी खते आणवली आणि ती नदीत सोडायची म्हणाले. कान्होबा दचकले. तुम्ही विरक्त झालात, मला संसार करायचा आहे, मुलेबाळे पोसायची आहेत, अशा अर्थाचे ते बोलले. यावर तुकोबांनी उपदेश केला नाही. त्यांनी कागदांचे दोन वाटे केले. अर्धा वाटा कान्होबाच्या हाती दिला. उरलेला अर्धा, जो आपला होता तेवढाच, पाण्यात सोडला.

माउली, या वाटणीपाशी जरा थांबा. कीर्तनात आपण भरभर पुढे जातो. सगळी खते बुडवली असती तर प्रसंग अधिक भव्य झाला असता. ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा आला असता. पण ते दुसऱ्याच्या हक्काचे दान ठरले असते. भावाच्या हिश्श्याचा त्याग करून स्वतः त्यागी म्हणवून घेणे तुकोबांना मान्य नव्हते. मला तरी या प्रसंगात सगळ्यांत मोठी गोष्ट हीच वाटते. ज्याला लोकांचे भले करायचे असते तो पुष्कळदा दुसऱ्याच्या खिशात हात घालून ते करतो. इथे व्यापाऱ्याचा हिशेब शेवटच्या क्षणापर्यंत चोख राहिला, अर्धे म्हणजे अर्धे.

एक शंका कोणी काढील, आणि ती काढायला हवी. दुष्काळात कुळेच मेली, परागंदा झाली. ती खते वसूल होणार नव्हतीच. मग बुडीत कर्जाचे कागद बुडवले यात त्याग तो कसला?

शंका वरवर खरी दिसते. पण दुष्काळानंतर गावात काय होते ते पाहा. पाऊस पडतो. परागंदा झालेला कुणबी परत येतो. त्याच्याकडे बी नसते, बैल नसतात, असते ती फक्त जमीन आणि दोन हात. पहिले पीक हाताशी येते, आणि त्याच दिवशी सावकार दारात उभा राहतो. बाप मेला असेल तर पोराच्या दारात. दुष्काळात ज्याची किंमत शून्य होती ते खत सुगीच्या पहिल्या दिवशी जिवंत होते. खताची खरी किंमत त्यावरच्या आकड्यात नसते. दुसरा माणूस आपल्या मुठीत राहील या खात्रीत असते. पैसे बुडाले तरी ती मूठ सावकाराजवळ राहते. तुकोबांनी ती मूठ उघडली. देहूच्या आसपासच्या किती घरांत त्या दिवसानंतर पहिले पीक स्वतःच्या कणगीत गेले असेल, याची कल्पना करून पाहा.

आणि याची किंमत कोणी मोजली? जिजाईंनी. आपण त्यांना आवली म्हणतो, आणि पुष्कळ कीर्तनांत त्या हशा पिकवण्यापुरत्या येतात. ही पद्धत मला कधी आवडलेली नाही. पुण्याच्या गुळव्यांची ही लेक सुखवस्तू घरात दिली होती. तिच्या डोळ्यांदेखत सवत उपासमारीने मेली आणि मग नवऱ्याने येणे सोडून दिले. पुढे तिने स्वतःच्या पतीवर कर्ज उभे करून नवऱ्याला मिठाच्या व्यापाराला धाडले, अशी कथा महिपती सांगतात. तुकोबांनी नफाही कमावला. परतताना वाटेत कर्जापायी पकडून नेत असलेला एक ब्राह्मण भेटला, आणि सगळी रक्कम त्याच्या सुटकेसाठी देऊन ते रिकाम्या हाताने घरी आले. तिने बडबड केली तर काय चुकले? मुले भुकेली तिची होती. तरीही भाकरी बांधून भंडाऱ्याचा डोंगर चढणारी बाई तीच. मालक बदलतो तेव्हा त्याच्या घरच्यांना त्या बदलाचा पहिला चटका बसतो, आणि त्यांचे नाव कोणी घेत नाही.

खते गेल्यावर तुकोबांनी लोकांशी नवे नाते जोडले. मोडकळीला आलेले विठ्ठलाचे देऊळ स्वतः खपून उभे केले, एकादशीला कीर्तन सुरू केले. ओझेवाल्याचे ओझे वाटेवर आपल्या खांद्यावर घ्यावे, म्हाताऱ्यांना बाजारातून तेलमीठ आणून द्यावे, अशा गोष्टी चरित्रकार सांगतात. गावच्या महाजनाने गावाचे निरोपे व्हावे! त्यांनी एका अभंगात आपल्याला हमाल म्हटले आहे: भांडार धन्याचे, माल धन्याचा, मी फक्त वाहून नेणारा. दुकानाच्या गादीवर वाढलेला माणूस हमाल हा शब्द वापरतो तेव्हा तो अलंकार म्हणून वापरत नाही. गादी आणि हमाल यांच्यातले अंतर त्याने रोज पाहिलेले असते.

त्यांच्याभोवती जमलेली माणसेही पाहा. चाकणचे संताजी जगनाडे तेलाचा धंदा करणारे. अभंग लिहून ठेवण्याचे काम त्यांनी केले. लोहगावचा शिवबा कासार आधी निंदा करणारा, मग कीर्तनाला येऊन बसणारा. चौदा टाळकऱ्यांत नाना जातींची, नाना धंद्यांची माणसे होती. आणि धन मिळवूच नका असा उपदेश तुकोबांनी गृहस्थाला केलेला नाही. सरळ व्यवहाराने मिळवा, मिळाल्यावर त्यात अडकू नका, परक्याचा उपकार करा, कोणाची निंदा नको, असे ते सांगतात. स्वतः दुकान सोडलेल्या माणसाने दुसऱ्याच्या दुकानाला शाप दिला नाही, हेही मला विशेष वाटते.

आता काळाची एक मोठी उडी मारू. वाट मात्र तीच ठेवू, कारण ती तुमच्या पायाखालची आहे. तुकोबांची पालखी पुण्याहून निघते. लोणी, यवत, वरवंड, उंडवडी, बारामती, पुढे निमगाव केतकी, इंदापूर. या वाटेपासून थोडे बाजूला सुपे आहे. १२ मे १८७५ रोजी, बाजाराच्या दिवशी, सुप्यात हजारो माणसे जमली आणि सावकारांच्या घरांवर चालून गेली. त्यांना हवी होती खते आणि वह्या. ती बाहेर काढून जाळली गेली. पाहता पाहता पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत लोण पसरले. इतिहासात याला दख्खनचे दंगे म्हणतात.

कारणे साधी होती. १८६१ पासून अमेरिकेत यादवी सुरू होती, तेव्हा कापसाला सोन्याचा भाव आला, सावकारांनी हात सैल सोडून कर्जे दिली. १८६५ ला युद्ध थांबले, भाव कोसळले. १८६७ पासून इंदापूरच्या बाजूने सरकारने वाढीव सारा बसवायला सुरुवात केली. त्यातच १८५९ चा मुदतीचा कायदा होता. तीन वर्षांत दावा केला नाही तर खत निकामी. कायदा रयतेच्या भल्यासाठी म्हणून आला, झाले उलटे. सावकार दर तीन वर्षांनी नवे खत लिहून घेऊ लागला, मागचे व्याज नव्या मुद्दलात मिसळू लागला. दामदुपट कागदावर राहिली. अडाणी कुणबी अंगठा उठवत गेला, आणि कोर्ट खताच्या मागे काय आहे ते पाहत नव्हते; खत आहे ना, मग हुकूमनामा.

चौकशीतून एक गोष्ट पुढे आली. जिथे सावकाराने खते मुकाट्याने काढून दिली तिथे बहुधा पुढे काही झाले नाही. माणसे सावकाराच्या जिवावर उठली नव्हती, कागदावर उठली होती. १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात घालणे थांबले, आणि खताच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याची मुभा न्यायाधीशाला मिळाली. सावकारांनी त्यातूनही वाटा काढल्या. गहाणाऐवजी खरेदीखत लिहून घ्यायचे, तोंडी म्हणायचे की पैसे आले की जमीन परत.

योगायोग असा की सुप्याच्या दंग्याआधी दोनच वर्षे तुकोबांच्या गाथेचा दुसरा खंड मुंबईच्या इंदुप्रकाश छापखान्यातून बाहेर पडला होता. पहिला १८६९ ला आला होता. सरकारी मदतीने, विष्णु परशुरामशास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांच्या संपादनाने ते काम झाले. ज्या सरकारच्या कोर्टात खते वाजवून घेतली जात होती त्याच सरकारच्या मदतीने खते बुडवणाऱ्याचे शब्द छापले जात होते. सुप्यात वह्या जाळणाऱ्यांपैकी कित्येकांना ते अभंग छापील पुस्तकाशिवायच पाठ असतील. तो सगळा मुलूखच वारीचा.

तुम्ही विचाराल, नदीत सोडलेली खते आणि होळीत टाकलेली खते यांत फरक काय? कुळाच्या दृष्टीने फार नाही. त्याचा गळा मोकळा झाला. फरक पडतो तो सावकाराला. सुप्याच्या सावकाराच्या हातून खत हिसकावले गेले, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या मनात भीती आणि सूड दोन्ही उरले. देहूच्या सावकाराच्या मनात काय उरले ते साडेचार हजार अभंगांत आहे.

या अंकाच्या वाचकांत व्यापारी आहेत हे मला ठाऊक आहे. कोणाचे भुसार दुकान आहे, कोणाची गाडी भाड्याने धावते, कोणी ऊसतोडीच्या टोळ्यांचे मुकादम आहेत. मुकादमाने मजुराला दिलेल्या उचलीला आज कोणी खत म्हणत नाही. पण हंगाम संपला तरी फिटत नाही आणि पुढच्या वर्षी त्याच कोयत्याला बांधून ठेवते अशी उचल, आणि बाप मेल्यावर पोराने त्याच टोळीत यायचे ही रीत, तुम्ही पाहिलेली असेल. वारीत तोच मुकादम आणि तोच मजूर एका दिंडीत एकमेकांच्या पाया पडतात. बारा महिन्यांच्या वहीत त्यांची नावे कशी लिहिलेली आहेत, हे पाहणारा तिथे तिसरा कोणी नसतो.

राहता राहिले कान्होबा. त्यांना लोक थोडे लहान करून पाहतात. अर्धी खते ठेवून घेणारा भाऊ. पण पुढे तेही कीर्तनात तुकोबांच्या मागे उभे राहिले. १६५० मध्ये फाल्गुन वद्य द्वितीयेला तुकोबा गेले, तेव्हा कान्होबांनी जो आक्रोश केला तो गाथेत आहे. भाऊ परत दे म्हणून ते पांडुरंगाशी भांडतात, त्याला धरू पाहतात, येणेकऱ्याने देणेकऱ्याच्या दारात बसावे तसे त्याच्या दारात अडून बसतात. त्या अभंगांवर त्यांनी स्वतःचे नाव घातलेले नाही. खाली लिहिले आहे, तुकयाबंधू.